चिलखताचे थर: सुरुवात कुठून करशील

अरे, गोळी अडवणारं चिलखत शिकायचंय ना, मग पहिल्याच दिवशी संगणकावर सिम्युलेशन उघडून बसू नकोस. आधी दोन थर नीट समजून घे. पुढची सिरॅमिकची टाइल कठीण; ती स्वतः फुटते, पण फुटता फुटता गोळीचं टोक बोथट करते, कधी तिचे तुकडेच पाडते. मागचं अरामिडचं (केव्हलरसारख्या मजबूत धाग्याचं) कापड ताणलं जातं आणि उरलेली ऊर्जा गिळतं. क्रम उलटा केलास तर दोन्ही वाया.

नवखे हमखास चुकतात ते असं:
- नुसती जाडी मोजतात.
- गोळीचा वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, हे विसरतात. (मीही विसरलो होतो. म्हापशाच्या खोलीत अख्खा पावसाळा चुकीचे आलेख काढले!)

रविवारी गोव्यातल्या आग्वादला जाऊन ये. १६१२चा किल्ला, तोफगोळ्यांच्या काळातला; तेव्हाचं चिलखत म्हणजे अशा भिंतीच. जांभ्याच्या भिंतीवर हात फिरव, सच्छिद्र दगड बोटांना कळेल. तिरक्या माऱ्याचं गणित नंतर बघू.