कैरोनियाची लढाई : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : ग्रीक नगरराज्यांचे भवितव्य कैरोनियासारख्या लहानशा गावापाशी का ठरले?

उत्तर : गावाच्या भूगोलामुळे. एकीकडे डोंगर आणि दुसरीकडे केफिसस नदी, यांच्यामधल्या सपाटीतून उत्तरेकडून थीब्जकडे येणारी वाट जात असे. मॅसिडोनियाचा राजा दुसरा फिलिप याने इ.स.पू. ३३९ मध्ये एलातिया हे या वाटेवरचे नगर घेतल्यावर, एकमेकांशी वैर असलेली अथेन्स आणि थीब्ज ही नगरे अथेन्सचा वक्ता डिमॉस्थेनिस याच्या आग्रहामुळे एकत्र आली आणि इ.स.पू. ३३८ च्या उन्हाळ्यात त्यांनी ही वाट अडवली. तिथे झालेल्या लढाईत फिलिप जिंकला.

प्रश्न : थीब्जचे 'पवित्र पथक' अठरा वर्षांच्या अलेक्झांडरने मोडले, हे खरे का?

उत्तर : निवडक सैनिकांच्या या पथकाच्या फळीत प्रथम फिलिपचा मुलगा अलेक्झांडर घुसला, असे ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने 'म्हणतात' या शब्दाच्या आधाराने लिहिले आहे, आणि तो शब्द आपण गाळू नये. प्लुटार्क लढाईनंतर जवळजवळ चार शतकांनी, याच गावात जन्मला. नदीकाठचा 'अलेक्झांडरचा ओक' आपल्या काळातही दाखवला जातो, अशी त्याची नोंद आहे. म्हणजे त्याच्यापाशी गावाची आठवण होती, प्रत्यक्षदर्शीची साक्ष नव्हे. फिलिपने माघारीचे सोंग करून अथेन्सच्या सैन्याला पुढे ओढले, ही प्रसिद्ध कथा तर पॉलिएनस या आणखी नंतरच्या लेखकाची आहे. जमिनीने दिलेला पुरावा मला अधिक मोलाचा वाटतो. थीब्जच्या मृतांच्या थडग्यावर सिंह आहे, पण लेख नाही, असे प्राचीन ग्रीक प्रवासवर्णनकार पॉसेनियसने लिहून ठेवले होते. त्या दगडी सिंहाचे तुकडे १८१८ मध्ये सापडले आणि पुढे १८७९-८० च्या उत्खननात तिथे सात रांगांत पुरलेले २५४ सांगाडे मिळाले. पथक ३०० जणांचे होते, त्यामुळे हे तेच वीर असावेत, हे बहुतेक अभ्यासकांचे मत मलाही पटते.

प्रश्न : सुलाने जिंकलेली लढाई याच गावाची का?

उत्तर : होय. इ.स.पू. ८६ मध्ये रोमन सेनापती सुलाने पोंटसचा राजा मिथ्रिडेटिस याचा सेनानी आर्केलाउस याला इथेच हरवले.

प्रश्न : कैरोनियानंतर ग्रीकांचे स्वातंत्र्य संपले, असे म्हणणे योग्य आहे का?

उत्तर : सरसकट नाही. फिलिपने थीब्जमध्ये शिबंदी ठेवली, पण अथेन्सचे युद्धकैदी खंडणी न घेता सोडले, आणि तिथली लोकसभा व न्यायालये चालू राहिली. गेला तो युद्ध आणि तह स्वतः ठरवण्याचा अधिकार, इ.स.पू. ३३७ मध्ये कॉरिंथला स्थापन झालेल्या ग्रीक नगरांच्या संघाची सूत्रे फिलिपच्या हाती होती. इ.स.पू. ३३५ मध्ये थीब्जने बंड केले, तेव्हा अलेक्झांडरने ते नगर जमीनदोस्त केले आणि त्या शिक्षेचा ठराव मात्र ग्रीक मित्रनगरांच्या प्रतिनिधींकडून करवून घेतला.