आबांच्या हातोडीबद्दल तू विचारलंस

चि. ईशान,

परवा जेवताना तू विचारलंस, "आबा बैलाला पाडून पायात खिळे ठोकायचे आणि बेंदराच्या सणाला त्याच पायांवर पाणी घालून नमस्कार करायचे. हे खोटं नाही का?" मी 'भात गार होतोय' म्हणून विषय टाळला. लागलं होतं थोडं.

इथल्या रँचवर तू घोड्याला नाल मारताना पाहिलंस. घोडा तीन पायांवर उभा राहून चौथा माणसाच्या मांडीवर देतो. बैल तसा देत नाही, म्हणून पाडावा लागतो. त्याचा खूर दुभंगलेला, त्यामुळे एका पायाला दोन पत्र्या, म्हणजे बैलाचे नाल, आणि बैलाला आठ.

आबा हे काम सकाळी, वैरण टाकायच्या आत उरकायचे, कारण भरल्या पोटी आडवा पडलेला बैल फुगतो. जागा नांगरटीची, मऊ. सोलाचे, म्हणजे जाड दोराचे, वेढे मानेला, छातीला, पोटाला घालून मागून ताणला की बैल आपसूक गुडघे टेकतो. मग चारी पाय एकत्र आवळून बेळक्यावर, म्हणजे दुफाट्याच्या लाकडावर, टेकवायचे, एकानं शिंगं धरून डोकं दाबायचं. माझ्या हातात खिळ्यांची वाटी.

नख साळताना, म्हणजे तासताना, घाई चालत नाही. आपल्या खिल्लार जातीच्या बैलाचं नख काळं, आतला जिवंत भाग दिसत नाही, म्हणून आबा दर खेपेला अंगठ्यानं दाबून बघायचे. जरा दबलं की पातं खाली. पत्रीला चार-पाच खिळे, तेही फक्त बाहेरच्या कडेनं. बैलाच्या नखाची भिंत घोड्यापेक्षा पातळ, म्हणून खिळ्याचं टोक बाहेर झुकतं धरायचं, म्हणजे ते नखातून वर निघतं. फार खाली निघालं तर नख चिरतं, पत्री सुटते. सरळ आत गेलं तर मांसात शिरतं. आबा आवाजावर ओळखायचे: नखात खिळा टणटण वाजतो, चुकला की बद्द होतो आणि बैल पाय झाडतो. लगेच खिळा उपटायचा, औषध भरायचं, ते भोक रिकामंच ठेवायचं. नाहीतर दोन दिवसांत खूर गरम लागतो, बैल लंगडतो. शेवटी टोकं छाटून, वळवून कानस फिरवायची.

आता तुझा मुद्दा. निव्वळ शेतात चालणाऱ्या बैलाला पत्री फारशी लागत नाही. ती लागते डांबरी सडकेला, उसाच्या हंगामात, कारखान्यापर्यंत गाडी ओढताना. पत्री नसेल तर नख झिजून रक्त येतं. म्हणजे खिळा बैलासाठीच, असं मी म्हणू शकतो. पण गाडीत इतका ऊस भरायचाच कशाला, हे तू विचारलंस तर माझ्याकडे उत्तर नाही. टायरच्या गाड्या आल्यावर ओझं वाढलं, बैल तेवढाच राहिला. आबांनाही ते रुचायचं नाही. तरी हंगामात कुणाला परत पाठवलं नाही. घर त्यावरच चालायचं.

दुसरं म्हणजे, घर चालायचं खोंडांवर. आपल्या आटपाडीकडची जनावरं खिल्लार. खिल्लार म्हणजे मुळात कळप. आबा खोंड वाढवून खरसुंडीच्या यात्रेत विकायचे. गिऱ्हाईक आधी तोंड उघडून बघतं: पक्का दात न आलेला तो आदत, दोन आलेला दुसा, चार आलेला चौसा, मग सगळे आलेला जुळलेला. दात फक्त खालचेच बघायचे, वर पुढचे दात नसतातच. भाव उपरण्याखाली बोटं दाबून ठरायचा, शेजारच्यालाही पत्ता लागत नसे. मला ते फसवाफसवीचं वाटायचं. आक्काच्या मते त्यानं भांडणं टळतात.

बेंदूर आपल्याकडे आषाढात, पोळ्याच्या आधी. आदल्या दिवशी खांदेमळणी: जू घासून घट्टे पडलेल्या खांद्यावर हळद आणि तूप चोळायचं. आबा तेव्हा बोटांनी गाठी शोधायचे, ओल्या जखमेला जू नको म्हणून. पूजा म्हणशील तर मला तीच आठवते. शिंगांना हिंगूळ आणि बेगड, पाठीवर झूल हे सगळं नंतरचं.

तू यंदा बेंदूर कर असं मी म्हणत नाही. केलास, तर मातीच्या बैलाचे खूर मधोमध चिरायला विसरू नकोस. मागच्या वेळी तू घोड्यासारखे सबंध केले होतेस, आणि आबांनी फोनवर फोटो बघून विचारलं होतं, "ह्याला पत्र्या किती लावू, चार का आठ?"

तुझा,
बाबा