आधी दृश्य, मग तारे

प्रिय मुली,

गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवाहून परतल्यावर तू पाठवलेलं पत्र दोनदा वाचलं. नऊ दिवसांत ३१ चित्रपट आणि प्रत्येकापुढे तारे. त्यातल्या एकाला तू थिएटरच्या पायऱ्यांवरच दोन तारे दिलेस. रात्री जेवताना सगळे त्याचं कौतुक करायला लागले, तेव्हा गुपचूप चार केलेस. आता विचारतेस, ‘ताई, यातलं माझं मत कोणतं?’

एकही नाही. पहिल्यांदा तू दमली होतीस, दुसऱ्यांदा भिडेला बळी पडलीस. आकडा देण्याआधी डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट लिही. मत नको, विशेषण नको. एक दृश्य. मग तारे.

माझ्याकडे २००५ची वही आहे. महोत्सव आदल्याच वर्षी गोव्यात आला होता. आयनॉक्समधून कला अकादमीकडे आम्ही अक्षरशः पळायचो. वहीत २७ नावं आहेत, प्रत्येकापुढे दहापैकी गुण. एका इराणी चित्रपटापुढे लिहिलंय, ‘४, संथ’. बस्स. आज त्यातलं काहीही आठवत नाही, ना एखादा चेहरा, ना एखादी खिडकी. तो खरंच संथ होता की मला भूक लागली होती, हे आता कधीच कळणार नाही. याची मला अजून चुटपुट लागते. पाहिलेला चित्रपट मी स्वतःच्या हाताने पुसून टाकला.

पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. ते उभं करणारे पी. के. नायर अंधारात बारीकसा टॉर्च घेऊन वहीत टिपत बसायचे. कोणतं दृश्य कितव्या रिळात आहे, हे ते सांगू शकत. गुण देण्यासाठी नव्हे, हरवू नये म्हणून ते टिपत होते. ते संग्रहालय ज्या लॉ कॉलेज रोडवर आहे, तिथून तू रोज जातेस, तुला हे मी सांगायला हवं का?

आकड्याशी माझं वैर नाही. रॉटरडॅमच्या महोत्सवात प्रेक्षकांना एक ते पाच आकड्यांची चिठ्ठी देत आले आहेत. बाहेर पडताना हव्या त्या आकड्यापाशी ती फाडायची. छान पद्धत आहे. पण सरासरीचा हिशोब बघ. पाच जणांनी पाच आणि पाच जणांनी एक दिला, तर चित्रपट तीनवर येतो. निम्म्यांनी तीन आणि निम्म्यांनी चार दिलेला, कुणालाच न खुपलेला चित्रपट साडेतीनवर, म्हणजे त्याच्या वर जाऊन बसतो. कमी पैशांत, स्वतःच्या हट्टाने केलेले चित्रपट बरेचदा पहिल्या प्रकारचे असतात, कुणाकडून पाच तर कुणाकडून एक मिळवणारे. १९६० साली फ्रान्समधल्या कान महोत्सवात ‘लाव्हेंतुरा’ या इटालियन चित्रपटाच्या पहिल्या खेळाला हुर्यो झाली आणि त्याच महोत्सवात त्याला ज्युरी पारितोषिक मिळालं. म्हणून जेवणाच्या टेबलावरचं कौतुकही घाईने घेऊ नकोस आणि पायऱ्यांवरचा कंटाळाही. दृश्य लिही.

एका छोट्या महोत्सवाच्या निवड समितीत मी दोन वर्षं होते. फॉर्मवर फक्त गुणांची चौकट होती. मी समासात दृश्यं लिहायचे. ‘तेवढा आकडा द्या, वेळ नाही,’ असं सांगितलं गेलं, तेव्हा मी समिती सोडली. लोक हेकट म्हणाले, अजूनही म्हणतात. म्हणोत. कुणीतरी तीन-तीन वर्षं घालवून केलेलं काम चौकटीत सहाचा आकडा टाकून मी परत पाठवणार नव्हते. मी गेल्यावर तिथे चांगले चित्रपट निवडले गेले नसतील असं नाही. पण माझ्या हातून ते होणार नव्हतं.

आणि तुझ्याच पत्रात बघ. त्या दोन-चार ताऱ्यांच्या भानगडीत, चौथ्या ओळीत तू सहज लिहून गेलीस की म्हातारा चुलीपाशी बसून सदऱ्याला बटणं लावत होता आणि सुईत दोरा ओवायला त्याने किती वेळ घेतला! अख्ख्या पत्रात तुझं स्वतःचं असं तेवढंच आहे. ते वाचताना मी चष्मा काढून ठेवला.

ताऱ्यांचं राहू दे. शेवटचं बटण लागलं का त्याचं? सगळं लिहून पाठव.

तुझी,
ताई