शिकवणी सुरू झाली की तानपुरा बसका का होतो?

प्रश्न : मी दादरला राहते, संध्याकाळी ऑनलाइन गाणे शिकवते. मुलाने लॅपटॉपवर विंडोजऐवजी चालणारी उबुंटू 24.04 ही संगणकप्रणाली घालून दिली आहे. वायरलेस हेडफोन लगेच जोडला गेला आणि गाणी सुरेख ऐकू येतात. पण वर्ग सुरू केला की विद्यार्थ्यांचा आवाज आणि लॅपटॉपवरचा तानपुरा, दोन्ही जुन्या टेलिफोनवरून आल्यासारखे बसके वाटतात. हेडफोन बदलू का?
— गायन शिक्षिका, दादर

उत्तर : बदलू नका, तो ठणठणीत आहे. तुमचा हेडफोन ब्लूटूथवर दोन तऱ्हांनी चालतो. नुसते ऐकायचे असेल तर एटूडीपी. त्यात भरदार स्टिरिओ आवाज मिळतो. हेडफोनचाच माइक वापरायचा तर एचएफपी. तिथे आवाज सेकंदाला 8 हजार किंवा फार तर 16 हजार नमुन्यांवर (म्हणजे तितक्या वेळा टिपलेला) येतो. म्हणजे त्याच्या निम्म्याच्या, 4 किंवा 8 हजार हर्ट्झच्या वरचे काही उरतच नाही आणि जवारीतले, म्हणजे तानपुऱ्याच्या तारांच्या झंकारातले, वरचे स्वरांश कापले जातात. वर्गाच्या सॉफ्टवेअरने माइक मागितला की उबुंटू आपणहून एचएफपीवर जाते. विद्यार्थ्याचा सूर जवारीत मिसळतो की नाही, हे तुम्हाला ऐकायचे असते. तेव्हा या आवाजावर भागवू नका.

सेटिंग्जमध्ये ‘साउंड’ उघडा. आउटपुटला हेडफोन ठेवा आणि खालच्या ‘कॉन्फिगरेशन’मध्ये ‘हाय फिडेलिटी प्लेबॅक’ निवडा. इनपुटला लॅपटॉपचा माइक घ्या. वर्गाच्या सॉफ्टवेअरमध्येही तोच निवडा. वर्ग सुरू झाल्यावर एकदा परत पाहा, कॉन्फिगरेशन बदललेले असेल तर पुन्हा हाय फिडेलिटीवर आणा. त्याच सॉफ्टवेअरमधली गोंगाट गाळण्याची सोय बंद ठेवा. ती तानपुऱ्यालाही गोंगाट समजते.

रस्त्यावरच्या हॉर्नमुळे लॅपटॉपचा माइक पुरत नसेल, तर लॅमिंग्टन रोडवर यूएसबी माइक मिळतो. दुकानात उबुंटूचे नाव काढून विचारा. स्वतंत्र ड्रायव्हर न लागणारा घ्या. नव्या हेडफोनपेक्षा हा खर्च मला सार्थकी लागणारा वाटतो.

लॅपटॉपवर तबल्याचा ठेका लावून स्वतः गाणार असाल, तर मात्र वायरचा हेडफोनच लावा. ब्लूटूथवर आवाज कानापर्यंत किंचित उशिरा पोचतो. ऐकताना ते जाणवत नाही, पण तुम्ही ऐकलेल्या समेवर आलात, तरी विद्यार्थ्याकडे तुमचा आवाज ठेक्याच्या मागे पडलेला पोचेल.