आधी वर्णन, नाव मागाहून

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री वाचला, आज सकाळी पुन्हा वाचला. कुठले टॉपिक महत्त्वाचे धरू, क्लासिफिकेशन कुठल्या आवृत्तीचं पाठ करू, स्पॉटर, म्हणजे परीक्षेत ओळखायला ठेवलेल्या काचा, ओळखायची काही युक्ती आहे का, असं बरंच विचारलंयस. त्यातच एक ओळ आहे, 'मॅडम, स्लाइड लावली की डोकं बंद पडतं, नावच आठवत नाही.' बाकीचं राहू दे. मी या ओळीला उत्तर देते.

आजाराचं नाव आठवायला तुला सांगितलं कोणी? आपली ओरल पॅथॉलॉजी म्हणजे तोंडा-जबड्यातून काढलेला तुकडा मायक्रोस्कोपखाली बघून आजार ओळखणं. स्लाइड समोर आली की जे दिसतंय ते सांगायचं. एमडीएसच्या, या दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर शिक्षणाच्या, पहिल्या वर्षापासून तुम्हाला हेच सांगत आलेय, आणि परीक्षा तोंडावर आली तरी दुसरं काही सांगणार नाही. आधी वर्णन, नाव मागाहून.

काच स्टेजवर ठेवली की तुमच्या बॅचचा हात थेट चाळीसपटीच्या लेन्सकडे जातो. तिथे काय दिसणार, चार पेशी? काच आधी उजेडासमोर धर आणि नुसत्या डोळ्यांनी बघ. तुकडे किती आहेत, निळा रंग कुठे दाटलाय, मध्ये पोकळी आहे का, हाड आहे का. मग चारची लेन्स लाव आणि एका कोपऱ्यातून निघून सगळा सेक्शन पालथा घाल. एपिथेलियम, म्हणजे वरचं आवरण, सलग आहे की तुटक, त्याखालचा आधाराचा थर, कनेक्टिव्ह टिश्यू, सैल की दाट, गाठीची कड कशी आहे. मग दहा. चाळीस सगळ्यात शेवटी, तेही दहावर काही प्रश्न पडला असेल तर. आणि हे सगळं मोठ्याने बोलत जा. तुझे डोळे कुठून कुठे जातात, ते परीक्षकाला बघायचं असतं.

मागच्या इंटर्नलला चुकलीस ती स्लाइड आठवते? 'रॅडिक्युलर सिस्ट', म्हणजे दाताच्या मुळाशी होणारी साधी पिशवीसारखी गाठ, म्हणून मोकळी झालीस. सूज भरपूर होती, एपिथेलियम जाड झालेलं, रेटे रिजेस, म्हणजे त्याची खाली उतरलेली बोटं, लांबलेले. तेवढं दिसलं आणि तू थांबलीस. सेक्शनच्या दुसऱ्या टोकाला, जिथे सूज पोचली नव्हती, तिथे सहा ते आठ पेशींचा एकसारख्या जाडीचा पट्टा होता. वर पॅराकेराटिन या चिवट थराची नागमोडी कड, खाली बेसल पेशींचे गडद न्यूक्लियस ओळीने उभे, आणि तो सगळा पट्टा एका जागी भिंतीपासून सुटलेला. ही ओडोन्टोजेनिक केराटोसिस्टची, दात घडवणाऱ्या पेशींच्या अवशेषांतून होणाऱ्या सिस्टची, खूण. त्याला सूज आली की तेवढ्या भागातल्या या खुणा पुसल्या जातात आणि तो साध्या सिस्टसारखा दिसायला लागतो. मार्क गेले त्याचं मला काही नाही. केराटोसिस्ट परत उद्भवतो, पेशंटला वर्षानुवर्षं फॉलोअपला बोलवावं लागतं, एकाहून जास्त निघाले तर गॉर्लिन-गोल्ट्झ सिंड्रोम या आनुवंशिक विकाराचा विचार करावा लागतो. रिपोर्टवर तू 'रॅडिक्युलर सिस्ट' लिहिलंस तर त्या माणसाला कोण बोलावणार आहे?

क्लासिफिकेशनचं म्हणशील तर ताजं घे आणि पाठ कर, पेपरला लागतंच. पण त्याचा एवढा धसका घेऊ नकोस. फिलिप्सेन या संशोधकाने 1956 मध्ये 'केराटोसिस्ट' हे नाव दिलं. 2005 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला ट्यूमर केलं, 2017 मध्ये परत सिस्टमध्ये आणून बसवलं. त्या बारा वर्षांत पास झालेल्यांनी 'ट्यूमर' घोकलं, नंतरच्यांनी 'सिस्ट'. काचेवरचा पट्टा या सगळ्या काळात सहा-आठ पेशींचाच राहिला. ज्याला पट्टा दिसतो त्याला नवीन नाव शिकायला दोन मिनिटं लागतात. नुसतं नाव पाठ असलेल्याला दर आवृत्तीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

अमेलोब्लास्टोमा या जबड्यातल्या ट्यूमरचंही तेच. तो ओळखायचे व्हिकर्स आणि गॉर्लिनचे 1970 चे निकष तू एका श्वासात म्हणून दाखवतेस. मी म्हणते, रिव्हर्स पोलॅरिटी कुठल्या पेशीत आहे, पॉइंटर नेऊन ठेव. न्यूक्लियस बेसमेंट मेम्ब्रेनपासून, पेशींखालच्या पडद्यापासून, दूर सरकलेला, खालच्या बाजूला सायटोप्लाझम रिकामा, पांढुरका. अशी एक पेशी शोधून दाखव. तुझा पॉइंटर फिरतच राहतो. मग ते निकष तुझे नाहीत, पुस्तकाचे आहेत. मला याचा राग येतो, कारण तुझी नजर चांगली आहे. पहिल्या वर्षी पेरिन्यूरल इन्व्हेजन, म्हणजे नसेभोवती शिरलेला कॅन्सर, तू माझ्या आधी दाखवलं होतंस. तेव्हा तुला अ‍ॅडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा हे लाळग्रंथीच्या कॅन्सरचं नाव धड म्हणता येत नव्हतं.

मला लोक हेकट म्हणतात, तुझ्याही कानावर आलं असेल. त्यामागची गोष्ट तुला सांगायलाच हवी. फार वर्षांपूर्वी एका हॉस्पिटलमधून जबड्यातलं क्युरेटिंग, म्हणजे खरवडून काढलेले तुकडे, आलं. फॉर्मवर नाव, वय आणि 'खालच्या जबड्याला सूज', बस. एक्स-रे नाही. काचेवर रक्तस्राव, हिमोसिडरिन म्हणजे जुन्या रक्ताचे कण, लांबट स्पिंडल पेशी आणि त्यांच्यात विखुरलेल्या जायंट सेल्स, म्हणजे अनेक न्यूक्लियसच्या मोठ्या पेशी. मी 'जायंट सेल लीजन' लिहिलं आणि रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस, पॅराथॉर्मोन हे पॅराथायरॉइड ग्रंथीचं हार्मोन तपासून घ्या म्हणून कळवलं. सर्जनचा फोन आला, ऑपरेशन ठरलंय, नाव द्या. मी दिलं नाही. वरपर्यंत तक्रार गेली, मला बोलावणं आलं, सुनावलं गेलं. कॅल्शियम वाढलेलं निघालं, गळ्यातल्या पॅराथायरॉइडची गाठ सापडली, त्या बाईंचा जबडा वाचला.

माझं बरोबर निघालं म्हणून हे सांगत नाही. त्यानंतर कित्येकांचं कॅल्शियम नॉर्मल आलं, आणि दर वेळी कोणीतरी 'बघा, उगाच अडवलंत' म्हणालं. दर वेळी मागणं योग्यच होतं. सेंट्रल जायंट सेल ग्रॅन्युलोमा आणि हायपरपॅराथायरॉइडिझमचा, म्हणजे पॅराथायरॉइडच्या अतिकामामुळे होणारा, ब्राउन ट्यूमर मायक्रोस्कोपखाली वेगळे करता येत नाहीत. फायब्रस डिस्प्लेसिया आणि ऑसिफाइंग फायब्रोमा हे हाडाचे दोन आजारही एक्स-रे हातात असल्याशिवाय वेगळे करू नयेत. एकाची कड आजूबाजूच्या हाडात मिसळून गेलेली, दुसऱ्याची रेखीव. जे काचेवर नाही ते काचेवरून सांगायचं नाही. या हट्टापायी मला बऱ्याच ठिकाणी बोलावणं बंद झालं, रिपोर्ट दुसरीकडे जायला लागले. उद्या तसाच फॉर्म आला तरी मी तेच करीन.

व्हायवाला, तोंडी परीक्षेला, तुलाही हे करता आलं पाहिजे. जायंट सेल्सची स्लाइड ठेवली असेल तर आधी वर्णन कर, मग 'जायंट सेल लीजन' म्हण आणि रक्ताची तपासणी व ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, माग. समजणारा परीक्षक तिथेच खूश होतो. न समजणारा रागावला तर रागावू दे.

आपल्या विदर्भात तर याची जास्तच गरज आहे. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू, खाणारी तरुण मुलं येतात, बोटभर तोंड उघडत नाही, आणि बायोप्सी म्हणून कुणीतरी वरवरचा पापुद्रा काढून पाठवतो. तोंड असं आखडवणारा सबम्यूकस फायब्रोसिस श्वार्ट्झने 1952 मध्ये केनियातल्या भारतीय बायकांमध्ये पाहून लिहिला, पुढच्याच वर्षी मुंबईच्या जोशींनी. हे सन तुला पाठ आहेत. पण एपिथेलियमखाली कोलॅजेन तंतूंचा हायलिनाइज्ड, काचेसारखा एकजीव झालेला पट्टा किती खोल गेलाय, रक्तवाहिन्या आवळल्यात का, स्नायूपर्यंत पोचलाय का, आणि त्या पातळ झालेल्या एपिथेलियममध्ये डिस्प्लेसिया, कॅन्सरकडे झुकणारा बदल, लपलाय का, हे तुझ्या लॉगबुकात कुठेच सापडलं नाही. व्हेरुकस, म्हणजे चामखिळीसारख्या, दिसणाऱ्या लीजनमध्ये खालची कड आलेलीच नसेल तर 'सेक्शन अपुरा, खोल बायोप्सी हवी' असं लिहायला घाबरू नकोस. अ‍ॅकरमनने 1948 मध्ये सांगितलेली, व्हेरुकस कॅन्सरची ती ढकलत जाणारी कड पापुद्र्यात दिसणार कशी? आणि सेक्शन तिरका कापला गेला की रेटे रिजेसचीच बेटं दिसतात. त्यांना इन्व्हेजन, म्हणजे खोल घुसलेला कॅन्सर, म्हणून एखाद्याला कॅन्सर ठरवून टाकू नकोस. आजूबाजूचं रिपोर्टमध्ये उतरवलंस की हे आपोआप लक्षात येतं.

माझी एक खंत आहे. माझ्या स्वतःच्या पीजीची उमेदीची वर्षं आयएचसीच्या, म्हणजे पेशीतलं प्रोटीन रंगवून मोजायच्या, टक्केवारीत गेली. तेव्हा प्रबंधाला तेच चालायचं, पी-53 या प्रोटीनचे तपकिरी न्यूक्लियस मोजत बसायचं. त्या काळात डिपार्टमेंटच्या कपाटात जुन्या काचांचे ट्रे पडून होते. आमचे सर दर शनिवारी त्यातल्या काढून बसायचे, जांभळ्या-गुलाबी पेन्सिलींनी चित्र काढायचे आणि शेजारी नुसतं वर्णन लिहायचे. मला त्यांच्या शेजारी हवं तेवढं बसता आलं नाही. ते गेले, आणि नवीन इमारतीत जाताना ते ट्रे कुठे गेले ते कोणालाच माहीत नाही. तुझ्या डिपार्टमेंटमध्ये ट्रे अजून आहेत, हे मला माहीत आहे.

प्रॅक्टिकलच्या बाकीच्या गोष्टींची फार काळजी करू नकोस. सेक्शन कापून रंगवायचा तेव्हा वॉटर बाथवर सुरकुती पडू देऊ नकोस. हेमॅटॉक्सिलिनचा निळा रंग जास्त चढला तर अ‍ॅसिड अल्कोहोलची एकच बुडी, आणि नीट निळं होईपर्यंत नळाखालून काढू नकोस. हिमॅटॉलॉजी तुझी पक्की आहे. पेपरमध्ये प्रत्येक उत्तराला आकृती काढ.

ही ब्रँच घेऊन चूक केली का, असंही विचारलंयस. नोकऱ्या कमी आहेत, खोटं कशाला सांगू. पण नजर तयार झालेला पॅथॉलॉजिस्ट सर्जनला लागतोच, आणि तशी नजर असलेले फार थोडे आहेत. तू त्यांच्यात बसणार की नाही, ते त्या ट्रेजवळ किती बसतेस त्यावर ठरेल. माझ्या दिलाशाने काही होणार नाही.

या आठवड्यात ट्रेमधल्या कुठल्याही तीन काचा काढ. लेबलवर कागद चिकटव, नंबरही बघू नकोस. प्रत्येकीचं एकेक पान वर्णन लिही आणि शनिवारपर्यंत मला फोटो पाठव. पानावर कुठेही निदान दिसलं तर मी ते पान पुढे वाचणार नाही, दुसरं लिहून पाठवावं लागेल.

तुझी,
मॅडम