‘बारीक’ म्हणजे दर वेळी ‘थिन’ नव्हे

नागपूरच्या बारावीतल्या एका विद्यार्थिनीची शंका: ‘माझं अक्षर बारीक आहे’ याचं तिने ‘माय हँडरायटिंग इज थिन’ केलं आणि ते चूक ठरलं. कोशात तर बारीक म्हणजे थिन असंच दिलंय!

वाक्य ‘माय हँडरायटिंग इज स्मॉल’ असं हवं. ‘आय राइट इन स्मॉल लेटर्स’ही टाळा, कारण त्याचा अर्थ कॅपिटल अक्षरं न वापरता लिहिणं असा होतो. आणि ‘फाईन हँडरायटिंग’ म्हणाल तर ऐकणाऱ्याला अक्षर सुंदर आहे असं वाटेल.

फारसीतून आलेल्या ‘बारीक’कडून मराठी भरपूर कामं करून घेते. तर्री-पोह्यांवरची शेव बारीक, गॅस बारीक, अंगातला तापही बारीक. इंग्रजीत हीच कामं चार-पाच शब्दांत वाटलेली आहेत, आणि नेमकं काय कमी आहे यावरून शब्द ठरतो. जाडी कमी असेल तर थिन, कण किंवा धागा लहान असेल तर फाईन, सगळा आकारच लहान असेल तर स्मॉल. गॅस आणि टीव्हीचा आवाज यांची पातळी कमी करायची असते, म्हणून तिथे विशेषण सोडून ‘टर्न डाउन’ हे क्रियापद येतं.

कांद्यावर हा फरक लगेच दिसतो. पोह्यांसाठी बारीक चिरला तर तो ‘फाइनली चॉप्ड’, कारण तुकडे लहान. तळायला उभा बारीक चिरला तर ‘थिनली स्लाइस्ड’, कारण काप लांब असले तरी जाडीला कमी. मराठी दोन्हीकडे ‘बारीक’ म्हणून मोकळी होते. केसांचंही तसंच: ‘फाईन हेअर’ म्हणजे एकेक केस नाजूक, ‘थिन हेअर’ म्हणजे केस विरळ. इथे चुकलात तर व्याकरण बिनचूक राहतं आणि अर्थ पार बदलतो, म्हणून ही चूक सहसा लक्षातच येत नाही.

(दंडाचा ‘फाईन’ही मूळचा याच घरातला. लॅटिन ‘फिनिस’ म्हणजे शेवट. त्यातून एकीकडे प्रकरण मिटवायला भरलेली रक्कम, दुसरीकडे पूर्णत्वाला नेलेली, म्हणून उत्तम आणि तलम वस्तू.)

कोशात शोधताना ‘बारीक’पाशी थांबू नका. इंग्रजी-इंग्रजी कोशात नामाचं पान उघडा: हँडरायटिंग, हेअर, फीवर. कोणतं विशेषण चालेल हे नामच ठरवतं, आणि ते तिथल्या उदाहरणांत सापडतं. ‘ऑक्सफर्ड कोलोकेशन्स डिक्शनरी’त तर नामाखाली त्याची विशेषणंच एकत्र दिलेली असतात.

वहीत ‘थिन = बारीक’ असं लिहू नका, जोडी लिहा: थिन स्लाइस, फाईन पावडर, स्लाइट फीवर, लाइट रेन. प्रत्येक जोडीपुढे विरुद्ध शब्दही टाका. थिन स्लाइसच्या उलट थिक, फाईन पावडरच्या उलट कोर्स (coarse, म्हणजे जाडसर), लाइट रेनच्या उलट हेवी. विरुद्ध शब्द बदलला की समजा, मराठीत एकच दिसणारा तो अर्थ इंग्रजीत वेगळा आहे.