चष्मा न काढता छोटी दुर्बीण

काळी कड दिसते, चित्र मधेच गायब होतं, म्हणून दुर्बीण परत करायला निघालास ना? थांब जरा. आधी डोळ्यापाशी असलेले रबरी आयकप बघ. चष्मा लावून बघणार असशील तर ते पूर्ण खाली हवेत, चष्म्याशिवाय असेल तर वर. भिगवणला पहिल्या खेपेला मी ते वर ठेवूनच रोहित पक्षी बघत बसलो होतो. सकाळभर अर्धाच थवा दिसला!

मग मधली बिजागरी. ८×२५ च्या (आठपट मोठं दाखवणाऱ्या, पुढचं भिंग २५ मिमीचं असलेल्या) दुर्बिणीतून डोळ्याशी येणारं प्रकाशाचं वर्तुळ जेमतेम ३ मिमीचं (२५ भागिले ८). त्यामुळे नळ्यांमधलं अंतर जरा चुकलं की अंधारी येते. दोन वर्तुळांचं एक होईपर्यंत ती सावकाश उघड-मीट कर.

डायॉप्टर, म्हणजे दोन डोळ्यांच्या नंबरातला फरक जुळवणारी कडी, बहुतेकदा उजव्या डोळ्याकडे असते. उजवं भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करून घे, मग डावं झाकून ती उजवी कडी फिरव.

नुसता जवळचा-लांबचा नंबर असेल तर चष्मा काढूनही चालतं, फोकस तेवढं सांभाळून घेतो. सिलिंडर नंबर (दृष्टिवैषम्याचा) जास्त असेल तर मात्र चष्मा हवाच. तसाही मी काढत नाही. चष्मा कपाळावर चढवेपर्यंत खंड्या उडालेला असतो.

एवढं करूनही कड काळीच राहिली तर आय रिलीफ (डोळा भिंगापासून किती लांब असला तरी पूर्ण चित्र दिसतं ते अंतर) किती लिहिलाय ते बघ. चष्म्याला १५ मिमी तरी लागतो. दहा-अकराच असेल तर खुशाल परत कर.